मागल्या पिढीने केलेल्या हानीचे देणे कोणी फेडावे?

ज्याने हानी केली त्याने ती भरून द्यावी, ह्या न्यायाविषयी दुमत नाही. परंतु हानी करणारा मरून गेला आणि हानी मात्र मागे राहिली, तर ती कोणी भरून द्यावी? ह्याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील क्यालिफोर्निया प्रांतात, सान होसे शहराजवळ, नवे अल्मादेन नावाची पाऱ्याची खाण होती. तेथील डोंगरात हिंगूळ सापडतो. त्यात पारा आहे, हे इ. स. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो नामक मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने ओळखले. पुढे १८४८ मध्ये त्याच प्रांतात सोने निघाले. सोन्याचे कण वाळूतून वेगळे करण्यास पारा लागे, म्हणून त्यास मोठी मागणी आली. हिंगूळ भट्टीत भाजावा, वाफ थंड करून पारा धरावा, आणि भाजलेला दगड ओढ्याकाठी टाकावा, असा क्रम कमीअधिक प्रमाणाने सव्वाशे वर्षे चालला. १९७० नंतरच्या दशकात काम थांबले. आता त्या जागी सार्वजनिक उद्यान आहे.

तथापि त्या टाकलेल्या दगडात पारा उरलाच होता. पारा हे मूलद्रव्य होय. ते कुजत नाही की झिजून नाहीसे होत नाही. पावसाने ते ग्वादालूप नदीत व पुढे सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाते. तलावांच्या तळाशी, जेथे प्राणवायू नसतो तेथे, सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल-पारा नावाचे विष बनवितात. ते लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, आणि असे मासे आईच्या खाण्यात वारंवार आल्यास पोटातील बालकाच्या मेंदूस अपाय होतो. म्हणून तेथील तलावांतले मासे खाऊ नयेत, अशी ताकीद दिलेली आहे.

आता कोणी म्हणेल, "आम्ही खाण खणली नाही, आम्हांस दोष का?" हे म्हणणे अर्धे खरे आहे. दोष वारशाने येत नाही. पण कर्तव्य येते. बापाचे शेत घेणारा मुलगा त्या शेतावरचे कर्ज नाकारू लागला, तर गावातील पंच ते मान्य करतील काय? त्या सोन्याने जी नगरे व जी संपत्ती उभी राहिली, तिचा उपभोग आजचे लोक घेत आहेत. लाभ घ्यावा आणि देणे टाळावे, हा न्याय नव्हे.

दुसरे असे की, ताकीद दिल्याने कर्तव्य संपत नाही. ज्याच्या घरी दुसरे अन्न आहे, तो मासा सहज सोडील. ज्यास गळ टाकल्यावाचून कालवण मिळत नाही, त्यास ती सूचना म्हणजे उपवासाची आज्ञा होय. अशा रीतीने श्रीमंतांच्या सोन्याचे देणे गरिबाच्या ताटातून वसूल होते.

तेथील पाणीखाते तलावांच्या तळाशी प्राणवायू सोडून विष बनण्यास आळा घालीत आहे. भाजलेल्या दगडांचे कित्येक ढीगही हलविले आहेत. सर्व पारा निघणार नाही, हे उघड आहे. परंतु कर्ज पुरते फिटत नाही म्हणून हप्ता देऊ नये, असे कोणी प्रामाणिक ऋणको म्हणत नाही. जो आज समर्थ आहे त्याने आपल्या वाट्याचे फेडावे, आणि पुढल्यांच्या माथी नवे ऋण ठेवू नये.