घराचे दुकान होताना

वास्तूचे इमान कोणाशी असते? ज्याने ती बांधली त्याच्याशी, जो तीत राहिला त्याच्याशी, की आज जो तिचा उंबरठा ओलांडतो त्याच्याशी? देवळे आणि किल्ले यांच्या संदर्भात हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. राहत्या घरांच्या बाबतीत तो क्वचितच उपस्थित होतो. इंग्लंडमधील बाथ नगरातल्या मिल्सम स्ट्रीटचा इतिहास पाहताना मात्र तो टाळता येत नाही.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जॉर्जियन वास्तुशैलीने शहरांना ‘टेरेस’ दिली. टेरेस म्हणजे येथे गच्ची नव्हे, तर एकमेकांना चिकटून उभी असलेली घरांची सलग ओळ. रुंदी बेताची, उंची तीन-चार मजल्यांची आणि दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर भोजनाची खोली, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच खिडक्यांचा दिवाणखाना, त्यावर शयनगृहे आणि छपराखाली नोकरांच्या खोल्या. समाजाची उतरंडच जणू घराच्या रूपाने उभी केलेली.

मिल्सम स्ट्रीटची बांधणी १७६२च्या सुमारास सुरू झाली ती अशा प्रतिष्ठित घरांसाठी. परंतु बाजार तेथे लवकरच शिरला. १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या दोन कादंबऱ्यांत याची साक्ष मिळते. ‘नॉर्दँगर ॲबी’तील जनरल टिल्नी याच रस्त्यावर बिऱ्हाड करून राहतो, तर ‘पर्सुएशन’मधील ॲडमिरल क्रॉफ्ट येथेच एका चित्रविक्रेत्याच्या खिडकीपुढे रेंगाळतो. घर आणि दुकान तेव्हा शेजारी शेजारी नांदत होते.

पुढे दुकानांची सरशी झाली. घराचे दुकान करण्याची रीत तशी सरळ होती. तळमजल्याची दर्शनी भिंत काढावयाची आणि वरच्या मजल्यांचा भार एका आडव्या तुळईवर पेलावयाचा. ही तुळई आरंभी लाकडाची असे, पुढे लोखंडाची झाली. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाल्यावर मोठ्या काचा अधिकाधिक दुकानदारांच्या आवाक्यात आल्या आणि जेथे भिंत होती तेथे प्रदर्शन आले. आज अशा इमारतीकडे पाहताना वर अठराव्या शतकातील खिडक्यांची संयत लय दिसते, तर खाली काचेचा उघडा विस्तार. जणू वरची दगडी भिंत अधांतरी तोलून धरली आहे.

ही वास्तूशी प्रतारणा आहे, असे शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात. त्यांचे म्हणणे मान्य करण्यापूर्वी मूळ वास्तू तरी कितपत प्रामाणिक होती, हे पाहिले पाहिजे. बाथमधील बहुतेक सारी बांधकामे नफ्याच्या अपेक्षेने झाली. दर्शनी भागाचा आराखडा वास्तुकाराने ठरवावा आणि त्यामागे ज्याने त्याने आपल्या सोयीचे घर बांधावे, असा व्यवहार होता. १७६७ ते १७७५ या काळात उभे राहिलेले ‘रॉयल क्रेसेंट’ समोरून एका विशाल प्रासादासारखे दिसते; मागच्या बाजूला तीस घरांचे तीस स्वभाव उघडे पडतात. शिवाय या भव्यतेमागचा पैसा कोठून आला? बंगालच्या लुटीतून धनाढ्य झालेल्या रॉबर्ट क्लाइव्हचे घर बाथच्या ‘सर्कस’ या वर्तुळाकार वसाहतीत होते. जमैकातील गुलामांच्या श्रमांवर पोसलेला विल्यम बेकफर्ड लॅन्सडाउन क्रेसेंटमध्ये राहिला. भारतीय वाचकाला तरी या घरांच्या मूळ रूपात निष्पापता शोधता येणार नाही. दुकान निदान आपला व्यवहार काचेमागे उघड मांडते.

मग कोणताही बदल क्षम्य मानावयाचा काय? मला तसे वाटत नाही. या रूपांतरातील खरा दोष काचेत नसून जिन्यात आहे. जेथे दुकानाने घराची सारी रुंदी व्यापली, तेथे वर जाण्याचा स्वतंत्र दरवाजा गेला. कधी जिनाच काढून टाकण्यात आला. खाली गिऱ्हाइकांची वर्दळ आणि वर, ज्या दिवाणखान्यासाठी सर्वांत उंच खिडक्या योजल्या तेथे, रिकामी खोकी आणि धूळ. छप्पर गळू लागले तरी पाहणारे कोणी नाही. अशा घरातली ओल एकट्या त्या घराची राहत नाही. सामाईक भिंतीतून ती शेजाऱ्याकडे जाते.

अठराव्या शतकातील कायद्याला हे मर्म कळले होते. लंडनसाठी १७७४ मध्ये झालेल्या बांधकामविषयक कायद्याने सामाईक भिंतींची जाडी ठरवून दिली आणि दुकानाची खिडकी रस्त्यावर किती पुढे यावी यालाही मर्यादा घातली: रुंद रस्त्यावर दहा इंच, अरुंद रस्त्यावर पाच. मालकी एकाची असली तरी भिंत दोघांची आणि रस्ता सर्वांचा, हे तत्त्व त्या इंचांमध्ये सामावलेले आहे.

विसाव्या शतकात त्याचा विसर पडला. १९६०च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बाथमधील कारागिरांच्या साध्या जॉर्जियन घरांच्या ओळीच्या ओळी पाडण्यात आल्या. श्रीमंतांच्या वास्तू मात्र जपल्या गेल्या. ॲडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये ‘द सॅक ऑफ बाथ’ या पुस्तकातून त्याविरुद्ध आवाज उठवला. १९८७ मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारशाचा मान दिला, तोपर्यंत ती घरे नामशेष झाली होती. तळमजल्यावर दुकान आलेले घर निदान उभे राहते, त्याला पुन्हा घर होता येते. पाडलेल्या घराला दुसरा जन्म नाही.

मिल्सम स्ट्रीटवरील एका भिंतीवर जुन्या फिरत्या वाचनालयाची रंगवलेली पाटी अजून वाचता येते. वाचनालय केव्हाच गेले. त्या भिंतीमागे प्रथम कोण राहिले, मग कोणी वाचले, नंतर कोणी काय विकले, याचा हिशेब ती ठेवत नाही; तरी आधीच्याचे नाव तिने पुसलेलेही नाही. वास्तूचे इमान बहुधा असेच असते. ते पहिल्या मालकाशी नसते आणि शेवटच्याशीही नसते. आधी येऊन गेलेल्यांची खूण राहू द्यावी, शेजाऱ्याचा आधार काढू नये आणि पुढे येणाऱ्यासाठी वर जाण्याचा जिना शाबूत ठेवावा, एवढेच ते आपल्याकडून मागते.