ओझे हलके कोणाचे?

दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोद्याकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जाणारी ही कुटुंबे पाच-सहा महिने कोपीत राहणार. त्यांची बांधाबांध पाहून आम्हांला नेहमी कौतुक वाटत आले. पितळेची भांडी घरीच राहतात. सोबत जर्मनची हलकी पातेली, परात, कळशी, ज्वारीचे पोते आणि कोयते. चुलीचे तीन दगड तिथेच मिळतात. तव्याला मात्र तडजोड नाही. तो जड असला तरी लोखंडीच हवा, पातळ तव्यावर भाकरी करपते.

किती थोडक्यात भागते, असे आम्ही म्हणायचो. पण हे थोडके त्यांनी निवडले कुठे? मुकादमाची उचल फिटायची असते आणि गाडीत जागा तेवढीच. आम्ही घरातली अडगळ काढली की साधेपणाचे समाधान मिळते. तेच शब्द त्यांच्या गाठोड्याला लावताना आम्हांला संकोच वाटायला हवा होता.

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. हत्यार मोजता मोजता माणसेही त्यातच मोजली गेली. आणि आम्हीही तसेच विचारत आलो : यंदा तुमच्या गावातून किती कोयते गेले?