तू तिथं होतास ना?

बस, आणि मी बोलतोय तोवर मध्ये तोंड घालू नकोस. "सर, तो तुमचं ऐकतो. तुम्ही सांगितलंत तर तक्रार मागं घेईल." हे वाक्य तू माझ्या घरात बसून बोललास. तुम्ही दोघंही माझ्याच वर्गात होतात. भर कार्यालयात ज्याला जातीवरून शिवी बसली तो माझा विद्यार्थी, आणि ती शिवी कानांनी ऐकून खाली मान घालून व्हाउचरं लिहीत बसलेला तूही माझाच विद्यार्थी. आता मी समजावू कुणाला? त्याला?

साहेब रागाच्या भरात बोलले म्हणतोस. राग तर त्यांना रोज येतो. मागच्या महिन्यात खतावणीतला हिशेब तुझ्याकडून चुकला, तेव्हा तुझी जात निघाली का? नाही निघाली. तुझी चूक निघाली. त्याची चूक झाली की मात्र त्याचा बाप, त्याचा आजा, त्याची गल्ली, सगळं बाहेर येतं. याला राग म्हणत नाहीत. आणि हा फरक तुला कळत नाही असं तू मला सांगू नकोस, कारण शाळेत तू हुशार होतास.

आता कायदा ऐक, कारण तुम्ही सगळे त्याचं नाव घेऊन कुजबुजता, वाचलेला मात्र एकानंही नाही. अनुसूचित जाती आणि जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. 30 जानेवारी 1990 पासून तो लागू आहे, आणि 2015 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातलं कलम 3(1)(आर) म्हणतं की लोकांच्या देखत, हिणवण्याच्या हेतूनं जाणूनबुजून केलेला अपमान हा गुन्हा. 3(1)(एस) म्हणतं की लोकांच्या देखत जातीच्या नावानं शिवीगाळ केली तर तोही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, वर दंड. साहेब म्हणतील, त्याची जात मला माहीतच नव्हती. तीही वाट बंद आहे. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या घरच्यांशी ओळख असेल, तर जात माहीत होती असंच न्यायालय धरून चालतं, आणि माहीत नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं असतं. एका छपराखाली वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्यांची ओळख नव्हती असं कोण म्हणेल?

पण तो 'लोकांच्या देखत' हा शब्द नीट ऐक, कारण तिथं तू येतोस. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तमिळनाडूतलं एक प्रकरण होतं. महसूल खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला त्याच्याच दालनात जातीवरून बोललं गेल्याची तक्रार होती. सहकारी आले ते प्रसंग घडून गेल्यावर. न्यायालयानं तो खटला रद्द केला. चार भिंतींच्या आत, बघणारं कुणी नसताना घडलेली गोष्ट लोकांच्या देखत घडली असं म्हणता येत नाही, म्हणून. त्याआधी 2020 मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणातही हेच ठरलं होतं, आणि साक्षीला केवळ नातेवाईक आणि मित्र पुरत नाहीत हेही त्यात होतं.

तुमच्या कार्यालयात काय झालं? दार उघडं होतं. काउंटरवर दोन खातेदार उभे होते. तू तीन हातांवर बसला होतास. तू त्याचा भाऊ नाहीस, दोस्तही नाहीस, त्याच्या जातीचा नाहीस. कायद्याला जसा साक्षीदार लागतो, तसा तू आहेस. तू जबाबात "मला नीट ऐकू आलं नाही" असं म्हटलंस, तर ती जागा लोकांच्या नजरेतली असूनही बंद खोली होते. ती तू करतोस, तुझ्या तोंडानं. आणि मग गावात तूच सांगत सुटणार, की बघा, केस खोटी होती, टिकली नाही.

हा कायद्याचा गैरवापर आहे, असंही तू मघाशी पुटपुटलास. कुठं ऐकलंस? चहाच्या टपरीवर. मग इथं शेजारी कऱ्हाडला काय घडलं तेही ऐक. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी वाईट शेरे मारले. त्यानं तक्रार केली. अधिकाऱ्यांवर खटला चालवायला वरून परवानगी नाकारली गेली, तेव्हा त्यानं परवानगी नाकारणाऱ्याविरुद्धही तक्रार दिली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 20 मार्च 2018 ला न्यायालयानं तो खटला तर रद्द केलाच, वर देशभरासाठी अटी घातल्या. आधी चौकशी, अटकेला आधी मंजुरी. 2 एप्रिलला देश रस्त्यावर उतरला. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम 18-अ घालून त्या अटी काढल्या. 1 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयानंच आपले ते निर्देश मागं घेतले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 18-अ कायम केलं. म्हणजे आज गुन्हा नोंदवायला आधी चौकशी लागत नाही. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत असेल तर अटकपूर्व जामीनही नाही. तुझं 'गैरवापर' हे पालुपद देशातल्या सगळ्यांत मोठ्या न्यायालयात लावून झालंय आणि तिथं ते टिकलेलं नाही.

त्या प्रकरणातून त्यानंही एक शिकावं, आणि मी त्याला ते सांगितलंय. नुसता वाईट शेरा म्हणजे अत्याचाराचा गुन्हा होत नाही. शब्द काय, कधी, कुठं, कुणासमोर, हे लागतं. म्हणून त्यानं त्याच रात्री सगळं तारखेनिशी लिहून ठेवलं. तेवढी अक्कल त्याला आहे.

नोकरी जाईल म्हणून भितोस. ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. घरचं कर्ज, पोरीची फी, मला सगळं ठाऊक आहे. पण तुझी भीती कायदा करणाऱ्यांना तुझ्याआधी सुचली. कलम 15-अ वाच. साक्षीदाराला धाकदपटशापासून संरक्षण, तपासाला आणि कोर्टाला जाण्यायेण्याचा खर्च, हे सगळं त्यात आहे, आणि ते केवळ पीडितासाठी नाही, साक्षीदारासाठीही आहे. उलट बाजूही ऐकून ठेव. खोटी साक्ष दे म्हणून कुणाला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली सात वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. साहेबांनी तुला आज माझ्याकडे धाडलं असेल तर त्यांना हा आकडा सांग. आणि हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. मी काय, नगराध्यक्ष काय, चेअरमन काय, तो मिटवायचा अधिकार आमच्यातल्या कुणालाच नाही.

कायदा सगळीकडे पुरतो असं मी म्हणत नाही. खासगी नोकरीत जातीवरून बढती अडवली, रजा नाकारली, घाणेरडी कामं मुद्दाम लावली, तर त्यासाठी थेट दाद मागावी असा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा या देशात नाही. घटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीला लागतं. हा खड्डा आहे. कामगार असेल त्याला महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात एक आधार होता. काही कामगारांवर मेहेरबानी आणि इतरांशी पक्षपात ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे, आणि प्रसंग घडल्यापासून 90 दिवसांत तक्रार करायची असते. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्यात, तेव्हा आता कुठलं दार ठोठवायचं ते वकिलाला विचारूनच ठरवावं. वकिलाला पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. फोन 15100. अत्याचाराच्या तक्रारीसाठी वेगळा, 14566.

आणि डब्याचं काय? तक्रार दिल्यापासून तुम्ही सगळे आत जेवता आणि तो बाहेर पायरीवर. हे त्यानं नाही सांगितलं, मला दुसऱ्याकडून कळलं. सामाजिक बहिष्कार टाकणं किंवा टाकायची धमकी देणं, 3(1)(झेडसी). तुम्ही डबे सरकवून बसता तेव्हा एका नव्या गुन्ह्यात बसता, एवढं समजून जेवा.

आपलं कुरुंदवाड कसं, मशिदीत गणपती बसवणारं, असं तू पाहुण्यांना छाती काढून सांगतोस. मीही सांगतो. पाच मशिदींत गणपती बसतो हे खरं आहे आणि ते थोर आहे. पण ज्या गावाला एवढं जमतं, त्या गावातल्या पोराला शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी एक खरं वाक्य बोलता येत नाही? तो अभिमान मग कशाच्या जोरावर मिरवतोस?

तुझा चुलत भाऊ इंग्लंडात आहे. रंगावरून कुणी बोललं म्हणून त्यानं तक्रार केली, तेव्हा पेढे वाटल्यासारखं सगळ्या गल्लीला तूच सांगितलंस. तिथल्या 2010 च्या समानता कायद्यात वंशावरून कामाच्या जागी होणाऱ्या छळाला बंदी आहे, म्हणून त्याला दाद मिळाली. अमेरिकेत सिॲटल शहरानं फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या कायद्यात जातही घातली. का घातली? आपली माणसं साता समुद्रापार जाताना जात बरोबर घेऊन गेली म्हणून. भावाचा अपमान तुला झोंबला, याचा नाही झोंबला. याचं कारण मला सांग. नाही, आत्ता नको, घरी जाऊन स्वतःला सांग.

तुमच्या गोदामावरचा तो अरुणाचलचा पोरगा, ज्याच्या डोळ्यांवरून तुम्ही हाका मारता, तोही लक्षात ठेव. 2014 मध्ये दिल्लीत अशाच हिणवण्यावरून झालेल्या मारहाणीत अरुणाचलच्याच निडो तानियाचा जीव गेल्यावर बेझबरुआ समितीनं अशा हिणवण्याला वेगळं कलम हवं असं सांगितलं. नव्या न्याय संहितेत ते आलेलं नाही. तरी तो अनुसूचित जमातीचा असेल तर त्याला अत्याचाराचा कायदा इथंही लागतो. आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात आलेल्यालाही हे संरक्षण आहे, असं 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ठरवलंय.

वर्गात मी गंगाराम कांबळ्यांची गोष्ट शिकवली होती. राजवाड्याच्या नोकरीतला माणूस, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सोबत काम करणाऱ्यांनीच त्याला गुरासारखा मारला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं आणि तिथला चहा स्वतः घेतला. परीक्षेत तू त्यावर पानभर लिहिलंस, मी तुला पैकीच्या पैकी दिले. ते गुण आज मला परत घ्यावेसे वाटतात. त्या दिवशीही तिथं बघणारे असतील. गोष्ट महाराजांच्या कानावर गेलीच. आज महाराज नाहीत, पण उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसतंय. या कायद्यातलं अपील घेऊन आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. न्याय एवढा जवळ आला, तुझी जीभ तेवढी लांब गेली.

आता रडू नकोस. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा. या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, आणि 60 दिवसांत आरोपपत्र गेलं पाहिजे. त्यांच्यासमोर जबाब दे. कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज देऊन पोच घे, आणि अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठव. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही या कायद्याच्या चौथ्या कलमात शिक्षा आहे. जबाब लिहून झाला की उठण्याआधी वाच. साहेबांनी उच्चारलेले शब्द जसेच्या तसे त्यात आहेत का, तारीख आहे का, काउंटरवरच्या दोघांचा उल्लेख आहे का, ते बघ. नुसतं "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय उठू नकोस.