डाव्या डोळ्यातला ठिपका

फोटो असा आहे : ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसलेत. उजेड त्यांच्या उजव्या अंगाने येतो, त्यामुळे डावा गाल जवळजवळ अंधारात. नजर चौकटीबाहेर कुठेतरी. मी त्यातला रंग काढला, काळं आणखी काळं केलं, कडा दाबल्या, कपाळावरच्या आठ्या थोड्या उठावदार केल्या. माझ्या बऱ्या फोटोंत तो बसेल असं मला वाटतं. प्रदर्शनासाठी मोठा प्रिंट काढायच्या आधी त्यांच्या मुलीला दाखवला. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने बराच वेळ बघितलं.

"छान आहे रे. पण बाबांना काय झालंय?"

"कुठे काय? मूड आहे तो."

"कुणाचा?"

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण फोटो काढणाऱ्याला असा प्रश्न विचारला की तो व्याख्यान देतो.

"उजेडाचा म्हण, खोलीचा म्हण. काकांच्या चेहऱ्यात ते होतंच, मी फक्त वर आणलं."

"मी तिथेच होते. बाबा चहाची वाट बघत होते. मी आत आलं किसत होते आणि ते दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले, झाला का म्हणून. मग तू त्यांना खुर्चीत बसवलंस. आता या फोटोकडे बघून कुणाच्या मनात चहा येईल? लोक म्हणतील, बिचारे, बायको गेली, मुलं लांब, दिवस ढकलताहेत."

"चहाची वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसरं काही नसतंच का?"

"असेल. पण तू बटणं फिरवल्यावरच ते दिसायला लागलं. मुळात दिसत नाही."

"मुळात म्हणजे कुठे? कॅमेऱ्यातून निघते ती रॉ फाइल. ती नुसती उघडली तर मिणमिणीत, हिरवट दिसते. तुझ्या मोबाइलवर जो 'मूळ' फोटो येतो त्यावर कंपनीच्या इंजिनिअरने आधीच हात फिरवलेला असतो. सावल्या उचललेल्या, कातडी गुळगुळीत, चेहरा दोन छटा उजळ. मी नाही केलं तर तो करतो. हात न लावलेला फोटो नसतोच."

"म्हणजे सगळेच हात लावतात, म्हणून कसाही लावला तरी चालतं?"

यावर मी कार्शची गोष्ट काढली. फोटोवाल्यांच्या भात्यातला हा नेहमीचा बाण. 30 डिसेंबर 1941, ओटावा. चर्चिल संसदेत भाषण करून बाहेर आलेले, तोंडात सिगार. युसुफ कार्शने पुढे होऊन सिगार काढून घेतला, मागे सरकला आणि बटण दाबलं. तो रागावलेला चेहरा हिटलरसमोर न झुकणाऱ्या ब्रिटनचा चेहरा ठरला. 2016 मध्ये पाच पौंडांच्या नोटेवरही तोच आला.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "तिथे एडिटिंग फोटो काढायच्या आधीच झालं. आणि तरी तो चर्चिलचा सगळ्यांत खरा फोटो मानतात."

"म्हणजे त्यांनाही चहाच हवा होता," ती म्हणाली.

मी गप्प झालो. तीच पुढे म्हणाली, "तो माणूस सिगारसाठी चिडला होता आणि जगाने त्यात युद्ध बघितलं. चर्चिलचं त्यात भलंच झालं, म्हणून कुणी तक्रार केली नाही. त्याच हातोटीने तू माझ्या बाबांना केविलवाणं केलंस."

केविलवाणं हा शब्द मला लागला. गंभीर आणि केविलवाणं यांत फरक आहे, तो छपाईत सांभाळता येतो, आणि मी तो सांभाळलाय असं माझं अजूनही मत आहे. मी तसं म्हणालोही. तिने उत्तर न देता फोटो मोठा केला, डोळ्यांपर्यंत.

"इथे काहीतरी होतं. डाव्या डोळ्यात."

होतं. डावी बाजू अंधारात असली तरी बुबुळ फुगीर असतं, ते खिडकी पकडतंच. राईएवढा पांढरा ठिपका, नीट बघितलं तर त्यात गजाची उभी रेघसुद्धा. उजव्या डोळ्यातला ठिपका मी ठेवला होता, डावा विझवला होता. अंधाऱ्या अर्ध्या चेहऱ्यात तो एकटाच चमकत होता आणि नजर तिकडेच जात होती.

"तो का काढलास?"

"लक्ष विचलित करत होता."

"कशावरून विचलित? दुःखावरून?"

"अगं, काकांच्या सदऱ्याचा पिवळा रंग गेला, भिंतीचा निळा गेला, त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. अख्खं जग मी राखाडी केलं ते चाललं, आणि एका ठिपक्यावरून भांडतेस?"

"रंग काढला की बघणाऱ्याला कळतं, काढलाय. कुणी फसत नाही. ठिपका काढलेला कळतच नाही. तो डोळा तसाच होता असं वाटतं."

हे तिचं सगळ्यांत पक्कं वाक्य. त्याला माझ्याकडे जे उत्तर आहे ते तितकं पक्कं नाही : कडा दाबलेल्याही कुणाला कळत नाहीत. डार्करूमच्या काळात एन्लार्जरखाली तारेला चिकटवलेला पुठ्ठा हलवून एखादा गाल उजळ ठेवायचे, तळहात आडवा धरून त्याच्या फटीतून एखादा कोपरा जाळायचे. तेही कुणाला कळायचं नाही. कळणं हीच कसोटी लावली तर छायाचित्रणाचा निम्मा इतिहास खोटा ठरेल. "ठरू दे," ती म्हणाली.

म्हणून मी विषय बदलला. थोडा खोडसाळपणाने.

"आणि त्या गोळ्या? सकाळी तूच मेसेज केलास, खिडकीतली गोळ्यांची पाकिटं काढून टाक म्हणून."

"ते वेगळं आहे."

"कसं? त्या क्षणी चहा खरा होता तशा गोळ्याही खऱ्या होत्या. आणि काढल्या तर कुणालाही कळणार नाही."

"गोळ्या दोन वर्षांतल्या आहेत. बाबा ऐंशी वर्षांचे आहेत. बाबा म्हणजे गोळ्या नाहीत."

"म्हणजे कुठले बाबा दिसावेत ते तूही ठरवतेस."

"हो, ठरवते. मी त्यांची मुलगी आहे. तू कोण?"

इतका वेळ आम्ही खरं काय यावर बोलत होतो. आता हक्क कुणाचा यावर आलो. माझ्या मते हा दुसराच वाद आहे. तिच्या मते पहिल्यापासून हाच होता.

डोरोथिया लँगचं उदाहरण मी तिला द्यायला नको होतं, कारण तेही माझ्यावरच उलटलं. 1936 सालचा तो कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित आईचा फोटो. खाली कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता, तो लँगने नंतर निगेटिव्हवरून घालवला. त्यावर तिच्या खात्यातला साहेबही नाराज होता. अंगठा असायला हवा होता की नको, यावर अभ्यासक अजून बोलतात.

"आणि ती बाई?"

"फ्लॉरेन्स थॉम्पसन. नाव 1978 मध्ये कळलं. तिचं म्हणणं होतं, माझं नावही विचारलं नाही, आणि एक प्रत पाठवीन म्हणाल्या तीही आली नाही."

"बघ. तुम्ही अंगठ्यावरून भांडताय आणि बाईला कुणी विचारलंच नाही."

"मग तू काकांना विचार ना."

"विचारलं. काल दाखवला फोटो." तिला हसू आलं. "म्हणाले, त्याच्याकडे फ्लॅश नव्हता का? हा कसला अंधार. आणि लावायचाच असेल तर माझा कोटातला लावा म्हणाले."

कोटातला मी बघितलाय. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा. त्या वेळचे रिटचर निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. सुरकुती निगेटिव्हवर फिकट रेघ असते, ती टोकदार पेन्सिलने भरली की छापलेल्या चेहऱ्यावरून नाहीशी होते. काकांच्या त्या चेहऱ्यावर एक रेघ नाही. केस तेल लावून चापून बसवलेले, ओठ मिटलेले, डोळ्यांत दोन सारखे ठिपके, तेही बहुधा रिटचरनेच घातलेले.

"त्यात ते बाबा वाटतच नाहीत," ती म्हणाली.

"अगदीच पुतळा," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत झालं, आणि काकांचं मत तिथेच निकालात निघालं. मग ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

"ठिपका परत आण."

"आणतो. पण गोळ्या राहतील."

"राहू देत. मग त्या कडा जरा सैल कर."

"किती?"

"तू फिरव. थांब म्हणेन तेव्हा थांब."