काय उपयोग?

निवृत्त झाल्यावर माणसाने देवळात जावे, नाहीतर बागेत. मी एका संख्येच्या नादी लागलो आहे.

संख्या तशी साधीच. १२७ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो, गणितवाले एक काढून घेतात, एवढेच. उरते ती ३९ आकडी संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच भाग जात नाही. म्हणजे शाळेतली मूळ संख्या, फक्त अंगाने थोराड. ती मूळ आहे असे मेर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने १६४४ साली सांगून टाकले होते. त्याच्या यादीत ६७ दोनांचीही अशीच एक होती. १८७६ साली ल्युका या फ्रेंच गृहस्थाने तपासले. १२७ वाली खरी निघाली, ६७ वाली खोटी! भागाकार करून पाहायला सात जन्म पुरले नसते. त्याने वर्ग करा, दोन वजा करा, भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा, असा शंभरावर वेळा चालणारा उद्योग मांडला. तोही हाताने. पुढे १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही.

“पण उपयोग काय?” आमच्या सौ.नी विचारले.

मला १९७८ चा डिसेंबर आठवला. क्लोजिंगची रात्र, आणि बँकेत दहा पैशांचा फरक. साडेअकराला मॅनेजरसाहेबांनी खिशातून दहा पैशांचे नाणे काढून टेबलावर ठेवले. “घ्या, आणि घरी जा.” घ्यावे म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. आमचे वयस्क हेडक्लार्क म्हणाले, “साहेब, पैसे नकोत. चूक हवी.” पहाटे चूक सापडली. वीस पैशांचे तीस मी लिहिले होते. हेडक्लार्क एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

परवा भाचा म्हणाला, “मामा, उपयोग आहे की! कार्डाने पैसे देता ना, त्यामागच्या कुलुपांत मोठ्या मूळ संख्याच असतात.” सौ. खूश झाल्या. मी मात्र हिरमुसलो. ल्युकाने काही कुलपासाठी डोळे फोडले नव्हते. उद्या कुलपे बदलली, तर ती संख्या काय खोटी होणार?

संध्याकाळी सौ. दुधाचा हिशेब घेऊन बसल्या होत्या. दोन रुपये जमेनात. मी नाणे पुढे केले.

“ते ठेवा खिशात,” त्या म्हणाल्या, “आणि चष्मा आणा माझा.”