स्मृतिभ्रंश, स्मरण आणि मातेची दया

ब्रह्मविद्येच्या मार्गात स्मरणाला जे स्थान आहे ते साधकांस सांगावयास नको. ज्ञान झाल्यावर ते टिकते स्मरणाने, आणि आचार शुद्ध राहतो तोही स्मरणाने. अशा मार्गात एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याची स्मरणशक्तीच रोगाने क्षीण झाली त्याची गती काय? आणि त्याची सेवा करणाऱ्या मातेच्या मनात जे प्रेम उरते ते प्रपंचातली ममता म्हणावे की धर्म म्हणावा? या दोन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार कर्तव्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. स्मृतिभ्रंश हा शब्द श्रीमद्भगवद्गीतेत आला आहे, परंतु तेथे तो संमोहापासून उपजणाऱ्या विवेकनाशाचा वाचक आहे. आज वैद्यकात तोच शब्द मेंदूच्या रोगाला लावतात. हे दोन अर्थ एकत्र केले तर मोठा अन्याय होतो, कारण एकात मनुष्याचा दोष असतो आणि दुसऱ्यात तो नसतो. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात 1901 मध्ये एक्कावन्न वर्षांची एक स्त्री आणली गेली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. अलॉइस अल्झायमर या वैद्याने तिची अवस्था बारकाईने टिपून ठेवली, आणि 1906 मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत झालेले बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जगापुढे मांडले. म्हणजे ज्या रोगाला आपण म्हातारपणाचे विसरणे समजतो, त्याची पहिली प्रसिद्ध रुग्ण म्हातारी नव्हती.

भारतात साठीपुढील सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख लोकांना, म्हणजे शंभरातील सातांहून अधिकांना, हा विकार असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांहून स्त्रियांचे आणि शहरांहून खेड्यांचे प्रमाण अधिक आढळले. साठीच्या आत हा विकार जडणारे थोडे, पण त्यांच्या घरचा क्रम उलटा होतो. मुलीने आईची सेवा करावी ही जगरहाटी. येथे सत्तरीची आई पन्नाशीच्या मुलीला घास भरवते. विशेषतः जन्मतः एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन घेऊन आलेल्या, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना हा विकार फार लवकर, चाळिशी-पन्नाशीतच, गाठतो. मेंदूत साचणाऱ्या एका प्रथिनाचे बीज त्याच गुणसूत्रावर असते, हे त्याचे कारण. अशा मुलीला बोलणे, जेवणे, वेणी घालणे आईने वर्षानुवर्षे खपून शिकविलेले असते. तेच एकेक करून मावळताना तिला पाहावे लागते.

आता अशी माता देवरीसारख्या ठिकाणी आहे असे मनात आणावे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेजवळ, नागपूर-रायपूर महामार्गावर हे तालुक्याचे गाव आहे. भोवती जंगल, धानाची शेती, मोहफूल आणि तेंदूपानाचा हंगाम. मेंदूच्या रोगाचा तज्ज्ञ पाहावयाचा तर गोंदिया, नाही तर थेट नागपूर गाठावे लागते. त्याआधी शेजारणीचा सल्ला मिळतो की पोरीला बाहेरचे लागले आहे, अमक्या देवाचा नवस बोल, तमक्या जाणत्याकडे ने. परमेश्वराला अनन्य असलेल्या उपदेशी बाईची येथे खरी परीक्षा असते. नवस केला तर अनन्यता मोडते, आणि न केला तर लोक म्हणतात की आईला मुलीपेक्षा धर्म प्यारा.

या ठिकाणी निर्णय स्पष्ट आहे. देवता आपापल्या अधिकारापुरते फळ देतात, त्या जीवाचा उद्धार करीत नाहीत. म्हणून नवस नको. परंतु औषध नको असे शास्त्र म्हणत नाही. शरीर प्रपंचातील आहे, आणि त्याचा उपचारही प्रपंचातील साधनांनीच व्हावयाचा. विसरणे हे लक्षण नेहमीच असाध्य रोगाचे नसते. कंठातील थायरॉइड ग्रंथी मंद झाली, बी-बारा जीवनसत्त्व कमी पडले, मनाला खोल विषाद जडला किंवा डोक्याला मार लागून आत रक्त साचले, तरी माणूस विसरू लागतो. आणि ही कारणे वेळेवर ओळखली तर त्यांवर उपाय असतो. बी-बारा जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही, म्हणून निरामिष आहार घेणाऱ्यांनी हे अधिक ध्यानात धरावे. तपासणी न करता कर्मभोग म्हणून स्वस्थ बसणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस आहे.

आता कर्माचाच पूर्वपक्ष येतो. कोणी म्हणेल, ‘जीवाचे केलेले जीवालाच भोगावे लागते, तेव्हा या मुलीचे दुःख तिच्या कर्माचे फळ आहे, आणि त्यात इतरांनी ढवळाढवळ का करावी?’ यास उत्तर असे की कर्मसिद्धांत स्वतःच्या आचाराकडे पाहण्यासाठी सांगितला आहे, दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्यासाठी नव्हे. पारध्यांच्या तावडीतून निसटलेला ससा श्रीचक्रधरप्रभूंच्या मांडीखाली शिरला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. प्रभूंनी त्या सशाच्या पूर्वकर्माची चौकशी केली नाही. जो शरण आला त्याला त्यांनी अभय दिले, आणि पारध्यांनाही हिंसेपासून परतविले. सर्वज्ञांनी जेथे निवाडा केला नाही तेथे अज्ञ जीवांनी तो करावा, हे कोणत्या विचारात बसते?

दुसरा पूर्वपक्ष अधिक सूक्ष्म आहे. ‘माता मुलीवर प्रेम करते ते ती माझी म्हणून. ‘माझी’ म्हणणे हीच ममता, आणि ममता तर बंधन आहे. मग तिच्या सेवेला धर्म कसे म्हणावे?’ येथे प्रथम हे ध्यानी घ्यावे की संबंधत्यागाचा विधी संन्यस्त साधकासाठी आहे. वासनिकाने आजारी लेकीला टाकून विरक्ती मिरवावी असा त्याचा अर्थ नाही. परंतु मूळ शंका तेवढ्याने मिटत नाही. ममता आणि दया यांत भेद कसा ओळखावा?

तो ओळखण्याची एक कसोटी हा रोगच पुरवितो. ममता देवघेवीवर जगते. मुलीने ‘माय’ म्हणून हाक मारावी, आठवण ठेवावी, म्हातारपणी आधार द्यावा, ही तिची अपेक्षा असते. रोग वाढला की मुलगी आईकडे पाहते आणि ‘बाई, तुम्ही कोण?’ असे विचारते. त्या क्षणी ममतेचे सगळे अन्न तुटते. ओळख नाही, परतफेड नाही, कृतज्ञता नाही. उलट कधी शिव्या, कधी ढकलणे, कधी पुढ्यातले ताट भिरकावणे. यानंतरही ती माता दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवून मुलीला न्हाऊ घालते, तेव्हा तिच्या हातून घडते ती ममता उरलेली नसते. ‘माझी’ हा शब्द तिच्या ओठांवर असेलही, पण ज्याच्यासाठी तो उच्चारला जात होता तो लाभ संपलेला असतो. जे लाभाविना टिकते त्यालाच दया म्हणतात. अनेक साधक ज्या ठिकाणी पोहोचण्यासाठी देश आणि गोत सोडतात, तेथे ही बाई चुलीपाशी बसून पोहोचते. मात्र तिने रडू नये, थकू नये, तिला कधी राग येऊ नये, असे कोणी मानू नये. थकवा देहाचा धर्म आहे, दयेचा अभाव नव्हे.

सेवेत धर्मसंकटेही येतात. मुलगी दिवसातून दहा वेळा विचारते, ‘बाबा केव्हा येतील?’ बाबांना जाऊन वर्षे लोटली आहेत. सत्य सांगावे तर दर वेळी तिला ते प्रथमच कळते आणि ती दर वेळी नव्याने आक्रंदते. ‘येतील संध्याकाळी’ म्हणावे तर असत्य घडते. सत्य आणि अहिंसा यांचा असा विरोध दिसला तर प्रश्नाच्या शब्दांकडे न पाहता त्यामागच्या आर्तीकडे पाहावे. ‘बाबांची आठवण येते ना? ते तुला किती जीव लावत!’ असे म्हणून तिला जवळ घ्यावे. यात असत्य नाही आणि घावही नाही. ती पत्ता विचारत नसते, आधार शोधत असते. त्याचप्रमाणे मलमूत्राचे भान सुटलेल्या देहाची घृणा करू नये. ज्या प्रभूंनी स्त्रीचा विटाळ मानला नाही आणि तो शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे असे समजाविले, त्यांच्या मार्गात रोग्याचा देह ओवळा कसा ठरेल?

आता स्मरणाच्या मूळ प्रश्नाकडे यावे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. मेंदू प्रपंचात मोडतो, जीव नव्हे. दिव्याची काच काजळली म्हणजे ज्योत विझली असे होत नाही. म्हणून ‘ती आता ती राहिली नाही’ हे बोलणे सिद्धांताला धरून नाही. जीव आहे तोच आहे. त्याचे बाहेर प्रकट होण्याचे द्वार मोडले आहे. वैद्यकातील निरीक्षणही विचारात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखविल्या. काय पाहिले हे ते थोड्याच वेळात विसरले, पण त्यातून उपजलेला खेद किंवा आनंद त्यांच्या ठायी पुढेही टिकून राहिला. म्हणजे आईने सकाळी प्रेमाने केस विंचरले हे मुलगी विसरेल, पण त्यातले निवणे तिच्यात राहील. सेवा वाया जात नाही.

तथापि येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. व्हीडा स्कल्टन्स या ब्रिटनमधील विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या मनोरुग्णांच्या कुटुंबांविषयी 1987 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. घरच्या माणसाची पीडा आपल्या अंगावर यावी आणि त्याची सुटका व्हावी, या भावनेने तेथे स्त्रिया अंगात येऊन घुमत, असे तिने नोंदविले. त्या स्त्रियांचे प्रेम खरे होते यात संशय नाही. परंतु एकाचा भोग दुसऱ्याला घेता येतो, हे ब्रह्मविद्येला मान्य नाही. तसेच आईने केलेले नामस्मरण मुलीच्या खाती जमा होते असेही म्हणता येत नाही. मग तिने मुलीच्या उशाशी बसून मोठ्याने नाम का घ्यावे? स्वतःच्या स्मरणासाठी घ्यावे. आणि मुलीच्या कानाला जो सूर ओळखीचा आहे तो पडत राहावा म्हणून घ्यावे. पुढचे परमेश्वराधीन आहे, आणि त्याचे जीवाविषयीचे ज्ञान जीवाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

या बाबतीत पंथाच्या इतिहासातच एक मोठा धडा आहे. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी हिंडून, ज्यांनी लीळा अनुभवल्या त्यांना विचारून, लीळाचरित्र सिद्ध केले. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा ज्यांना जेवढे मुखोद्गत होते तेवढे एकत्र करून अनुयायांनी ती पुन्हा उभी केली, आणि म्हणूनच तिचे वेगवेगळे पाठ झाले. पोथी हरपली, पण तिला जाणणारी माणसे होती म्हणून लीळा हरपल्या नाहीत. मुलीच्या जीवनाची पोथीही अशीच आहे. ती कोणत्या सालच्या पुरात जन्मली, तिला कोणती भाजी आवडे, कोणती आरती ती तालात म्हणे, हे आता एकटी माता जाणते. तिला आठवते तोवर मुलीचे चरित्र सुरक्षित आहे.

आणि नेमकी येथेच त्या मातेची भीती आहे. ‘मी गेल्यावर हिचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या एकटीच्या श्रद्धेत शोधणे म्हणजे आपले कर्तव्य तिच्यावर ढकलणे होय. श्रीचक्रधरप्रभूंच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. त्या ईश्वरावताराची तुलना रोग्याशी कदापि करावयाची नाही. परंतु शिष्यांच्या सेवेची रीत मात्र घेता येते. गावातल्या लोकांना ज्या वर्तनाचा अर्थ लागत नसे, त्याचा अर्थ न मागता ते सेवेस तत्पर राहिले, आणि ही सेवा कोणा एकट्याची नव्हती, ती मंडळींची होती. तद्वत् अशा घरी उपदेशी मंडळींनी जावे, आठवड्यातून दोन दुपारी मुलीपाशी बसावे आणि आईला झोपू द्यावे. तिची औषधे, सवयी, आवडीनिवडी वहीत लिहून घ्याव्यात, म्हणजे ती पोथी एकाच हाती राहणार नाही. तिला नागपूरला न्यावयाचे असेल तर सोबत जावे. आश्रमातील तपस्विनींनी त्या घरची विचारपूस सोडू नये.

सारांश, रोगाने स्मरण हरपले तर तो जीवाचा दोष नव्हे. ओळखीविना टिकणारे मातेचे प्रेम ममतेच्या पलीकडे गेलेले असते. आणि तिची श्रद्धा मुलगी बरी होण्याच्या अटीवर उभी नसल्यामुळे मुलगी बरी न झाल्याने ती मोडत नाही. मोडण्याची भीती आहे ती तिच्या देहाला. तो देह थकेल त्या दिवशी घास भरविणारा दुसरा हात तेथे असावा, एवढे तरी जे तिच्याबरोबर एकाच परमेश्वराचे नाम घेतात त्यांनी करावे.