परका आणि पाहुणा

वाचनाचे भाग : मत्तय २५:३१-४६, इब्री १३:१-३



रशिया देशात मुलींस क्सेनिया हे नाव ठेवतात. खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी त्याचे अक्सिन्या झाले, आणि युक्रेन देशात ओक्साना. परंतु ह्या नावाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. क्सेनिया म्हणजे पाहुणचार. क्सेनोस म्हणजे परका, आणि पाहुणाही. इतकेच नव्हे, तर रोमकरांस पत्र १६:२३ ह्यात पौल आपला यजमान गायस ह्यालाही हाच शब्द लावतो. दाराबाहेर उभा असलेला व दार उघडणारा, ह्या दोघांस शब्द एकच! मत्तयाच्या २५ व्या अध्यायात प्रभू स्वतःस क्सेनोस म्हणवितो, हे तर विशेष होय.

कल्याणच्या पुढे आगगाडीने जाणाऱ्यास ह्या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी दिसेल. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत, १९४७ च्या फाळणीनंतर, सिंधमधील निर्वासित येऊन राहिले. त्यांची घरेदारे मागे राहिली होती. १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. जे आसरा शोधीत आले, त्यांच्याच पेठेत आज दुरून लोक कापड घेण्यास येतात. परका यजमान झाला.

तेथून अंबरनाथ मागे टाकल्यावर बदलापूर लागते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजारांवर प्रवासी होते. सरकारी पथकांबरोबर आसपासचे गावकरीही मदतीस धावले व सर्वांची सुटका झाली. बुडत्याला हात देताना कोण कोणाची जात विचारतो?

परंतु पाणी ओसरले की आम्ही विचारू लागतो! आमच्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांस प्रभूचे नाव घेतल्यामुळे पाणवठा बंद झाला, सोयरे पारखे झाले. परकेपण काय असते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. असे असता उपासनेत एखादे नवे कुटुंब मागे येऊन बसले, तर पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी “तुम्ही मूळचे कोण?” हा प्रश्न आमच्या ओठांवर का यावा?

येत्या रविवारी त्या कुटुंबास आपल्या घरी भाकरीस बोलवा. आपण स्वतः कोणाच्या दारी परके म्हणून आलो होतो आणि त्याने आपणांस कसे आत घेतले, हे स्मरून बोलवा. आमेन.